सांजोरी गावाला जाते, रोट घरातच राहतो

आखाजी आठवड्यावर आली की सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाड्यांमधली गर्दी बदलते. उधना, लिंबायतच्या यंत्रमागांवर आणि साड्यांच्या मार्केटात पोट भरणारी खान्देशी कुटुंबं दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर अशा स्टेशनांवर उतरू लागतात. येताना पोरांसाठी सुरतेच्या बेकरीतली नानकटाई आणलेली असते. परतताना पिशव्या जड होतात. शेवयांचे पुडे, बिबडे, कुरडया आणि सगळ्यांच्या वर, दाबली जाऊ नये म्हणून मांडीवर धरलेला सांजोऱ्यांचा डबा.

नरडाणा धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात. एका अंगाला हा सुरत-भुसावळ लोहमार्ग, दुसऱ्या अंगाला धुळ्याहून शिरपूरकडे जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग आणि आता जोडीला औद्योगिक वसाहत. अशा येत्याजात्या वाटेवरच्या गावातून खान्देशच्या घरगुती गोडाकडे पाहिलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. इथल्या गोडाची विभागणी सणावरून किंवा चवीवरून करून भागत नाही. ते कोणासाठी केलं आणि किती लांब जायचं आहे, हे आधी विचारावं लागतं. काही गोड चुलीपासून ताटापर्यंतच जायचं असतं, काही याह्यांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, गावापर्यंत, काही पार सुरतेपर्यंत. आणि एक गोड असं, की ते उंबऱ्याबाहेर जाताच कामा नये.

याला हवामानाचंही कारण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर सहज जातो. नेमके लग्नसराईचे आणि आखाजीचे दिवस ते. अशा उन्हात खव्याचे पेढे दोन दिवसांत आंबतात. म्हणून इथल्या जुन्या घरगुती गोडात खवा जवळपास नाहीच. रवा, गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, तूप, खोबरं, शेंगदाणे आणि तीळ यांच्यावर सगळा कारभार. दिवाळीच्या तोंडावर भेसळीच्या खव्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तेव्हा ही शहाणी काटकसर किती कामाची होती ते कळतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात तो साडेतीन मुहूर्तांपैकी एक दिवस, सोनं घेण्याचा. खान्देशात तो दिवाळीच्या बरोबरीचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि एरवी पत्त्यांना हात न लावणारे कर्ते पुरुषही त्या दिवशी डाव मांडून बसतात. शेतावरच्या सालदाराचं वर्षही आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजायची रीत होती. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी या सणावर गाणं रचलं, यात नवल काही नाही. त्यांचं सारं आयुष्य जळगावच्या आसपासच्या शेतात आणि घरात गेलं, आणि तिथे लेकीबाळींच्या वर्षाचा हाच मोठा दिवस.

पण आखाजी पितरांचीही. सकाळी पाण्याने भरलेली मातीची घागर मांडतात, तिच्यावर लहान मातीचं भांडं, आणि त्यावर खरबूज, आंबे आणि दोन सांजोऱ्या. मग निखाऱ्यावर तूप आणि स्वयंपाकातला घास घालून आगारी टाकतात. म्हणजे वर्षातली पहिली सांजोरी लेकीलाही मिळत नाही, ती घरातल्या गेलेल्या माणसांची. त्यानंतरच डबा उघडतो.

सांजोरी दिसायला साधी. पुरीएवढी गोल, चपटी, बदामी रंगाची. भोवती कधी दुमड घालून केलेली वेणी, कधी नुसती दाबलेली कड. आत रव्याचा गोड सांजा. पुणेकर पाहुण्याला ती पाहून करंजी आठवते, पण दोघींचा स्वभाव वेगळा. करंजी पोकळ आणि नाजूक, प्रवासात तिचे कोपरे आधी तुटतात. सांजोरी भरीव. एकावर एक रचून डबा भरला, तरी तळातली सांजोरी अखंड निघते.

तिची खरी गंमत सारणात. सांजा दोन तऱ्हेने होतो. ओल्या सांज्यासाठी रवा तुपावर भाजून गुळाच्या उकळत्या पाण्यात शिजवतात. तो शिऱ्यासारखा मऊ, चविष्ट. पण त्यात पाणी असल्याने ती सांजोरी चार दिवसांत संपवायची. कोरड्या सांज्याला रवा तुपावर खमंग भाजायचा, दुधाचा किंवा पाण्याचा हबका मारून झाकून ठेवायचा, रवा फुलला की पुन्हा परतून मोकळा करायचा आणि गार झाल्यावरच पिठीसाखर, किसलेलं सुकं खोबरं, वेलदोडा, जायफळ मिसळायचं. गरम रव्यात साखर पडली तर तिला पाणी सुटतं आणि सारण गोळा होतं. कोरडी नीट जमली तर आठ-दहा दिवस हलत नाही. जाणत्या बाईला म्हणूनच सांजा करण्याआधी एवढंच विचारावं लागतं, की लेक गावातच दिली आहे की सुरतेला.

वरच्या पारीसाठी कोणी बारीक रवा घेतं, कोणी मैदा, कोणी दोन्ही निम्मे. तुपाचं कडकडीत मोहन घालून पीठ घट्ट भिजवायचं आणि तास-दीड तास ओल्या फडक्याखाली ठेवून कुटायचं. दोन पाऱ्या लाटून मध्ये सारण भरायचं आणि कड दाबायची, किंवा उंडा भरून हलक्या हाताने लाटायचा. तळण मंद आचेवर. घाई केली तर वरून रंग येतो, आत पारी कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी सांजोरी मऊ पडते. तळून झाल्यावर पूर्ण गार होऊ द्यायची. कोमट असताना डब्यात भरली की झाकणाला आतून घाम येतो, तोच खाली ठिबकतो आणि बुरशीला जागा होते. घरोघर खराब होणाऱ्या फराळातला बराच असाच, शेवटच्या अर्ध्या तासाच्या उतावीळपणात वाया जातो.

आता चुलीपासून ताटापर्यंतच जाणाऱ्या गोडाकडे.

खापरावरचे मांडे पहिल्यांदा होताना पाहणारा माणूस बोलायचं थांबतो. मांडा म्हणजे खान्देशातली ती हातभर रुंद, जवळजवळ आरपार दिसणारी पुरणाची पोळी, आमरसाची सोबतीण. ती लाटत नाहीत. गहू आधी पाण्याने दमट करून मुरवतात, मग दळतात आणि पीठ पातळ कापडातून गाळतात. या वस्त्रगाळ पिठाची कणीक मीठ, पाणी, तेल लावत इतकी तिंबतात, की हाताने ताणली तर लांबच लांब येते, तुटत नाही. गव्हातली चिकटी, म्हणजे त्यातली प्रथिनं, पाणी आणि तिंबणं मिळाल्यावर एकमेकांत गुंतून जाळं धरतात. आणि कणीक मुरू दिली की ते जाळं ताणलं जाण्याइतकं सैल होतं. मांडे करणाऱ्या बाया हे पुस्तकात वाचून करत नाहीत. कणकेचा लहानसा गोळा बोटांत ओढून पाहतात आणि अजून दहा मिनिटं, एवढंच म्हणतात.

दोन पुऱ्यांमध्ये पुरणाचा गोळा दाबून बसवायचा, कडा मिटवायच्या. मग ती जाड पोळी दोन्ही तळव्यांवर घ्यायची आणि एका हातावरून दुसऱ्यावर झेलत फिरवायची. पोळी स्वतःच्या वजनाने वाढत जाते, तळव्यांवरून मनगटापर्यंत, मनगटावरून कोपरापर्यंत. बांगड्या आधीच मागे सारलेल्या असतात. पुरणात डाळीचा एक कण जरी अख्खा राहिला तरी तो इथे पोळीला भोक पाडतो, म्हणून पुरण दोनदा वाटलेलं. आणि मग एका झोकात ती चुलीवर पालथ्या घातलेल्या खापराच्या पाठीवर पडते. खापर कुंभाराने मुद्दाम केलेलं, मोठं, घुमटाच्या आकाराचं. खाली पऱ्हाट्यांचा जाळ, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जी खान्देशात हंगाम संपल्यावर प्रत्येक शेताच्या बांधावर रचलेली दिसतात. मिनिटभरात पोळी भाजते, डाग पडतात, आणि करणारी बाई नुसत्या हाताने तिची घडी घालून बाजूला काढते. जाळ एका बाजूला जास्त झाला, तर खापराच्या त्या अंगाला पोळी करपते आणि दुसरीकडे पांढरी राहते. म्हणून चुलीपाशी बसणारी बाई वेगळी, हातावर ताणणारी वेगळी, पुरण भरणारी वेगळी. एकटीचं हे काम नव्हेच.

मांड्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा मुक्ताबाईची. घरात मांडे करायचं ठरलं, विसोबा चाटींनी कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले. कथा घडते आळंदीला, पण मुक्ताबाईचं अखेरचं ठिकाण खान्देशात, तापीकाठी. जळगाव जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याला आधी एदलाबाद म्हणत, तो आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर म्हणून ओळखला जातो, आणि तिथून आषाढीला पंढरपूरला जाणारी पालखी लांबचं अंतर तोडणाऱ्या मोठ्या पालख्यांपैकी. खापराशिवाय मांडा होत नाही, हे त्या कथेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. अडवणूक करायची तर नेमकं खापरच अडवावं, हे विसोबांना सुचलं यावरूनच त्याचं महत्त्व कळतं. बेळगावकडचे मांडे मात्र वेगळे. ते साखर-खसखशीचे, भाजल्यावर कडक होणारे, कागदात बांधून आठवडाभर टिकणारे. नाव एकच, पण खान्देशी मांडा जेवणाच्या पंगतीचा आणि बेळगावी मांडा भेटीचा.

पुरण टिकत नाही, हे यामागचं साधं कारण. शिजवलेल्या डाळीत ओल भरपूर. गूळ आणि साखर पाणी धरून ठेवतात आणि जंतूंना मिळू देत नाहीत, हे खरं. पण पुरणात ओल इतकी असते, की गुळाचं तिथे फार चालत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास बदलतो. म्हणून पुरणाची गंमत ताटातच. खान्देशात पुरणपोळीबरोबर झणझणीत रशी, म्हणजे कटाची आमटी, हवीच. नुसतं गोड खाल्लं तर तिसऱ्या घासाला हात थांबतो. रशीचा भुरका मध्ये घेतला की पोळी चालत राहते, आणि ज्याने वाढलं त्यालाही बरं वाटतं.

उंबऱ्याबाहेर जाऊ न देण्याच्या गोडाची गोष्ट श्रावणातली. नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी खान्देशात अनेक समाजांच्या घरी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवीचं रूप देतात, वर केळीच्या पानांची, फळांची सजावट करतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. कामासाठी सुरत, नाशिक, मुंबईला गेलेले भाऊ यासाठी गावी येतात. दिवाळी चुकली तरी चालेल पण कानबाई चुकवायची नाही, असं सांगणारी घरं आजही भेटतात. या उत्सवातला मुख्य विधी रोटांचा. बऱ्याच घरांत कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य मोजून घेतात. गहू आणि हरभऱ्याची डाळ. नुकत्याच जन्मलेल्या मुलाचीही मूठ त्यात पडते, परदेशात असलेल्याचीही. ते धान्य दळून त्याचं पुरण, पोळ्या, खीर, आणि सोबत गंगाफळाची भाजी असा स्वयंपाक होतो.

हा रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. शेजाऱ्याला वाटी नाही, पाहुण्याला ताट नाही, डबा भरून कोणाकडे पाठवणं तर नाहीच. काही घरांत हा नियम इतका कडक, की सासरी गेलेल्या लेकीलाही रोट मिळत नाही. लग्नानंतर तिचं कूळ बदललं म्हणून. श्रावण पौर्णिमेच्या आत तो संपवायचा, आणि उरलंसुरलं कचऱ्यात जाऊ द्यायचं नाही, कुठे गायीला, कुठे वाहत्या पाण्यात. एरवी कोणी दारात आलं तर गूळ-पाण्याशिवाय न सोडणारी ही माणसं त्या दिवसांत ताटावर असा पहारा देतात. त्यामागचा हेतू ओळखायला कठीण नाही. वर्षातून एकदा एका कुळातली सगळी माणसं एका धान्यातून मोजली जातात, भांडलेले भाऊ एका पंगतीला बसतात. पण लेकीच्या बाजूने पाहिलं तर हिशेब टोचतो. ज्या घरात ती वाढली, त्या घराच्या मुठींत तिची मूठ नाही. काही तरुण घरांत आता लेकींच्या नावानेही मूठ घेतात, आणि त्यावर वडीलधाऱ्यांशी वाद होतात. ते होऊ द्यावेत.

लेकीच्या वाट्याला येतं ते प्रवासाचं गोड. आणि त्याची सुरुवात लग्नापासूनच होते. लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया एकेकीच्या गच्चीवर वाळवणाला जमतात. शेवया, कुरडया, ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड. शेवयांच्या सोऱ्याचं हँडल फिरवायला पोरांना पकडून आणायचं आणि मोबदल्यात ओल्या शेवयांचा गोळा खायला द्यायचा. वाळलेल्या शेवया वर्षभर टिकतात. नव्या नवरीच्या सासरी पहिल्यांदा अचानक पाहुणे आले, तर दूध, साखर आणि माहेरच्या मूठभर शेवया एवढ्यावर तिची अब्रू राहते. गोड भेटीत एवढी व्यवहारी भेट दुसरी नाही.

रुखवत हा या भेटींचा थाट. मांडवाच्या एका कोपऱ्यात मांडलेली ताटं, त्यांत परातीएवढी चकली, नारळाएवढा लाडू, पाकात माखलेली करंजी, रंगीत अनारसे, आणि ते उचलताना घेतले जाणारे उखाणे. हल्ली तिथे थर्माकोलचा संसार, प्लॅस्टिकची फळं आणि काचेच्या डब्यातली कसलीशी बाहुली जास्त दिसते. ते बघून होतं आणि माळ्यावर जातं. खायच्या रुखवताचा फायदा असा, की आठवड्याने त्याचा पत्ता उरत नाही, आणि दोन्हीकडच्या बायांना एकमेकींच्या हाताची चव कळते. व्याहीभेटीत जे बोलून कळत नाही ते लाडवाच्या पाकावरून कळतं.

लग्न झाल्यावरही जावयाचं देणं संपत नाही. अधिक महिना आला, की सासूच्या मनात पहिले अनारसे येतात. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी पडणारा अकरा दिवसांचा फरक साठत जातो आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक जादा महिना धरून तो भरून काढतात. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. या महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं. तेहेतीसचा आकडा कोणी तेहेतीस कोटी देवांशी जोडतं, कोणी तीन वर्षांच्या अकरा-अकरा दिवसांशी. खान्देशात याला धोंड्याचा महिना म्हणतात. पुरण भरलेले कणकेचे धोंडे करून जावयाला जेवू घालायचं, आणि त्याला नवे कपडे. जावयाची खातिरदारी पुरेशी झाली नाही, तर पुढची तीन वर्षं ते ऐकावं लागतं, ही भीती त्यात मिसळलेली.

अनारसा हे या सगळ्यातलं सर्वांत लहरी काम. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग कापडावर सावलीत पसरून, हाताला अजून दमट लागतात तोवर दळायचे, चाळायचे, गूळ मिसळायचा आणि गोळा डब्यात चार-पाच दिवस मुरवायचा. या दिवसांत तो किंचित आंबतो, आणि तळताना त्यानेच जाळी पडते. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. गूळ किंचित जास्त झाला, तर अनारसा तुपात पसरून विरघळतो. त्याला अनारसा हसला म्हणतात. करणारीला अर्थात हसू येत नाही. मग तांदळाचं कोरडं पीठ मिसळून डाव सावरायचा. अधिक महिना उन्हाळ्यात आला तर पीठ लवकर आंबतं, तेव्हा मुरवण्याचे दिवस कमी करावे लागतात.

लेकीला दिवस गेले, की सातव्या-नवव्या महिन्यात पुन्हा डबे बाहेर पडतात. बाळंतविड्यातले डिंकाचे आणि मेथीचे लाडू हे एकाच वेळी गोडही आणि औषधही. यासाठीचा चांगला डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा. सातपुड्याच्या जंगलातून आदिवासी तो गोळा करून बाजारात आणतात. गरम तुपात टाकल्यावर डिंकाच्या खड्याच्या आतल्या ओलीची वाफ होते आणि खडा फुलतो. एकदम मोठ्या आचेवर टाकला तर वरून फुलतो, आत दगड राहतो, आणि पहिल्याच घासाला बाळंतिणीचा दात दुखतो. थोडा थोडा डिंक, मध्यम आच, एवढंच त्याचं गुपित. मेथीच्या पिठाचा कडवटपणा जावा म्हणून ते तुपात काही दिवस भिजवून ठेवतात. खारीक, खोबरं, बदाम, गूळ, जायफळ. वर्षातून हे लाडू करायची वेळ एखाद्याच घरावर येते, पण कोणाकडे ते होत आहेत, हे गल्लीला वासावरूनच कळतं.

बाळ आल्यावर त्याची पहिली संक्रांत हलव्याच्या दागिन्यांची आणि बोरनहाणाची. हलव्याला थंड, कोरडी हवा लागते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एका आकड्यात उतरतो, तेव्हा खान्देशात हे काम बरं जमतं. पातेल्यात तीळ किंवा साबुदाणा मंद शेकत ठेवायचा आणि एकतारी पाक थेंब थेंब घालत हाताने फिरवत राहायचं. घाई केली, तर दाणे एकमेकांना चिकटतात. धीर धरला तर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक दाण्यावर काटा उमटतो. होळीच्या आधी पांढऱ्या-गुलाबी साखरेचे हार आणि कडी बाजारात येतात. नंदुरबारात त्यासाठी खास भट्ट्या पेटतात. घट्ट पाक लाकडी साच्यात, आधी दोरा अंथरून, ओततात. मामाने भाच्याच्या गळ्यात घालायचा हार. पोरं तो दुपारपर्यंत अर्धा चाटून संपवतात.

या साऱ्या वेळखाऊ कामांना आता दोन बाजूंनी ताण आहे. घरात हातच कमी झाले आहेत. गच्चीवर पाच-सहा बाया जमायला सगळ्यांना एका दिवशी सुट्टी हवी, आणि औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या किंवा शेतात मजुरी करणाऱ्या बाईला ती मिळत नाही. दुसरीकडे मागणी वाढली आहे. सुरत, नाशिक, पुण्यात स्थायिक झालेल्या खान्देशी घरांना आखाजीच्या सांजोऱ्या हव्यातच, करणारी सासू गावी राहिली म्हणून. या दोहोंच्या मध्ये गावोगावचे महिला बचत गट उभे राहिले आहेत. राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे उमेद, २०११ साली सुरू झालं, त्यातून बऱ्याच गटांना भांडवल आणि विक्रीच्या जागा मिळाल्या. पूर्वी एकमेकींच्या घरी वाळवणाला जाणाऱ्या बाया आता किलोवर भाव ठरवतात. त्यात रागावण्यासारखं काही नाही. ते फुकटचे श्रम होते हे उशिरा का होईना मान्य झालं.

विकायचं ठरवलं की घरगुती हा शब्द पुरत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. लहान धंद्यासाठी ती सोपी आणि स्वस्त आहे. पाकिटावर काय घातलं, कधी केलं, कधीपर्यंत खावं हे लिहिणं ग्राहकाच्या आणि करणारीच्याही फायद्याचं. ओल्या सांज्याची आणि कोरड्या सांज्याची सांजोरी एकाच पाकिटात, एकाच तारखेने विकली, तर तक्रार ठरलेली. सुकं खोबरं आणि शेंगदाणे उन्हात खवट होतात, म्हणून उन्हाळ्यात जाणाऱ्या लाडवांत ते ताजे भाजूनच घालावेत आणि डबा गाडीच्या खिडकीजवळ ठेवू नये.

मांड्याचं मात्र पार्सल होत नाही. घडी घातलेला मांडा दुसऱ्या दिवशी चामड होतो, तिसऱ्या दिवशी पुरण आंबट. त्यामुळे शहरातल्यांना मांडे खाऊ घालायचे तर मांडे करणाऱ्या बायांनाच शहरात जावं लागतं. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या, पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनांत खान्देशी मांड्यांच्या स्टॉलपुढे रांग लागते ती त्यामुळेच. लोक मोबाईल वर धरून हातावरची पोळी टिपतात आणि मग एका मांड्यात दोघांचं पोट भरतं हे कळल्यावर चकित होतात. तिथे चूल नसते, गॅसची शेगडी असते. मातीचं खापर प्रवासात तडकायची धास्ती, म्हणून काही जणी लोखंडी कढई पालथी घालून काम भागवतात. कढई लवकर तापते आणि तितक्याच लवकर पोळी करपवते, त्यामुळे आच सारखी कमी-जास्त करावी लागते. खापरावरच्या मांड्याला येणारा मातीचा आणि पऱ्हाट्यांच्या धुराचा वास त्यात नसतो. तो हवा असेल तर आखाजीला कोणा खान्देशी मित्राच्या घरी आधीच निरोप पाठवावा, आणि जाताना आमरसासाठी पेटीभर आंबे न्यावेत. खान्देशातली गावरान आंब्याची झाडं आता विरळ झाली आहेत, आणि त्या दिवशी गावात आंबा मिळेलच याची खात्री नसते.